पाचवीपासूनचं इंग्रजी

शाळेतली नोकरी गेली त्या वर्षी मी घरातलं प्रत्येक कपाट दोनदा लावलं. गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटातले टॉवेल आधी रंगाप्रमाणे लावले, मग आकाराप्रमाणे. तिसऱ्यांदा दार उघडलं तेव्हा नवरा जिन्यावरून खाली येत होता. तो थांबला. मी दार लावून टाकलं.

वॉटफर्डमधल्या एका प्राथमिक शाळेत मी चौदा वर्षं टीचिंग असिस्टंट होते. वर्गशिक्षिका पुढे शिकवायची आणि मी मागच्या टेबलाशी बसून, ज्या मुलांना इंग्रजी येत नसे त्यांच्याबरोबर काम करायची. कुणी पोलिश, कुणी रोमेनियन, कुणी तमिळ. मग आमच्या भागातली मुलं कमी झाली, एक वर्ग बंद झाला आणि माझी जागा गेली. हेडटीचरने मला तिच्या खोलीत बोलावून, टिश्यूचा बॉक्स माझ्याकडे सरकवत हे सांगितलं. मला रडू आलं नव्हतं. तिने सरकवलाच होता म्हणून एक टिश्यू घेतला.

नवरा सॉफ्टवेअरमध्ये. आठवड्यातले तीन दिवस लंडनला जायचा आणि दोन दिवस वरच्या छोट्या बॉक्सरूममध्ये बसून काम करायचा. त्या दोन दिवशी छतातून त्याचा मीटिंगमधला आवाज येत राही आणि मला केर काढायचा हूवर लावता येत नसे. मग मी कॅनॉलच्या काठाने चालायला जायची. काठाला बोटींमध्ये राहणारी माणसं असतात. त्यांच्यातली एक बाई कुंड्यांना पाणी घालताना भेटायची. ती एकदा म्हणाली, “गुरुवारी निघायला हवं. चौदा दिवसांच्या वर एका जागी राहायची परवानगी नाही आम्हाला.” ती तक्रार करत होती. मला मात्र तिचा हेवा वाटला. घरी येईपर्यंत मी मनात हिशेब करत होते की एका जागी राहायची परवानगी मला किती वर्षांची मिळाली होती, आणि ती मी कधी मागितली होती.

परदेशात जाऊन इंग्रजी शिकवावं हा विचार त्याच आठवड्यातला. लॅपटॉपवर जाहिरात आली होती. पाठीवर सॅक लावलेली, हसणारी तरुण मुलं. मी पुण्याची इंग्रजीतली एम.ए., बी.एड. केलेली, लग्नानंतरही काही वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलेली. इथे आल्यावर त्या डिग्र्या मोजल्या गेल्या नाहीत. मुलगी लहान होती, पुन्हा शिकायला वेळ नव्हता, आणि मग टीचिंग असिस्टंटची नोकरी मिळाली आणि वर्षं गेली. डिग्र्यांची फाइल माळ्यावर सूटकेसमध्ये होती. ती मी खाली काढली.

आधी चार आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स करायचा होता. मी ब्रिस्टलचा निवडला.

“लंडनलाही असेल की असा कोर्स,” नवरा म्हणाला. “रोज ये-जा करता येईल.”

“बघितलं. नाहीये सध्या.”

लंडनला होता, एकाच वेळी तीन ठिकाणी होता. मला रोज ये-जा करायची नव्हती, पण हे मी तेव्हा त्याला सांगितलं नाही.

ब्रिस्टलमध्ये एका निवृत्त नर्सच्या घरी खोली घेतली होती. बावन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदाच एकटी राहत होते. माहेरी भावंडं होती, मग हॉस्टेलला खोलीत चौघीजणी, मग लग्न. पहिल्या संध्याकाळी मी टोस्ट खाल्ला, उभ्यानेच, आणि दुसऱ्या संध्याकाळीही तेच. कुणी विचारलं नाही. वर्गात आम्ही बाराजण होतो आणि माझ्यानंतरची सगळ्यांत मोठी मुलगी एकतीस वर्षांची होती. आमच्या सरावासाठी खरे विद्यार्थी येत. कुणी सोमालियाहून, कुणी इटलीहून. मागे आमचा ट्यूटर वही घेऊन बसायचा. उंच, किंचित वाकलेला माणूस. सहा-सात देशांत शिकवून आलेला.

मला ‘फॉर’ आणि ‘सिन्स’ शिकवायला दिलं होतं. मी फळ्यावर एक चुकीचं वाक्य लिहिलं: आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स. आणि वर्गाला विचारलं, “हे वाक्य तुमच्यापैकी कोण म्हणतं?” आधी कुणी हात वर करेना. मग मी माझाच हात वर केला. म्हटलं, “कॉलेजात जाईपर्यंत मी असंच म्हणायची.” त्यावर सगळे हात वर आले.

तास संपल्यावर ट्यूटर म्हणाला, “ते कुठे घसरणार हे तुला आधीच माहीत होतं. मला हे शिकायला पंधरा वर्षं लागली.” मला सर्वांत वरची ग्रेड मिळाली. ती आमच्या तुकडीत मला एकटीलाच होती.

घरी आल्यावर मी रोज सकाळी डायनिंग टेबलाशी बसून अर्ज करायला लागले. महिन्याभरात वर्गातल्या बाकीच्यांचे फोटो ग्रुपवर यायला लागले. एक बँकॉकला पोचला, दोघी हनोईला, एक इस्तंबूलला. त्यातल्या एकाला ‘अपॉस्ट्रफी’ कुठे घालायची हे मी शेवटच्या आठवड्यातही समजावून सांगत होते.

जाहिरातीत पहिली ओळ बहुतेक एकच असायची. नेटिव्ह स्पीकर हवा. फॉर्ममध्ये त्यासाठी चौकट असे: हो किंवा नाही. मराठीत याला काय म्हणायचं, मातृभाषिक? माझ्या आईला इंग्रजीत औषधाच्या बाटलीवरचं नाव तेवढं वाचता यायचं, तेही रोजची बाटली असेल तर. पण काही जाहिरातींत खुलासा असे की अमुक देशांचा पासपोर्ट म्हणजे नेटिव्ह. तो पासपोर्ट माझ्याकडे होता. टाउन हॉलमध्ये, गळ्यात साखळी घातलेल्या मेयरसमोर उभं राहून, नागरिकत्वाची शपथ घेऊन मिळवलेला. मी ‘हो’वर खूण करत गेले.

पहिला इंटरव्ह्यू एका एजंटने घेतला. तिशीतला इंग्रज मुलगा, हसतमुख.

“आणि तुम्ही लहानाच्या मोठ्या कुठे झालात?”

“पुण्यात.”

“अच्छा. घरी कुठली भाषा बोलत होता?”

“मराठी.”

त्याने समोर काहीतरी टिपलं. मग म्हणाला, “तुमचं इंग्रजी फारच छान आहे.”

इतक्या वर्षांत मला एवढं कळलं होतं की हे वाक्य इथे जन्मलेल्या माणसाला कुणी कधी म्हणत नाही. चार दिवसांनी त्याची ईमेल आली. शाळेच्या गरजा वेगळ्या होत्या. दुसऱ्या ठिकाणी फोटो मागितला, पाठवला, उत्तर आलं नाही. तिसऱ्या ठिकाणी एक बाई स्पष्ट बोलली. पालकांना एका विशिष्ट प्रकारचा शिक्षक अपेक्षित असतो, म्हणाली, आणि माफीही मागितली. चौथ्या ठिकाणी वयाचा मुद्दा निघाला. मी अर्ज करतच राहिले. माझी झोप कमी झाली होती, जेवताना पाय हलायचा. नवऱ्याने टेबलाखाली हात घालून माझा गुडघा धरून ठेवला एकदा.

मग मी एक गोष्ट केली जिची मला अजून लाज वाटते.

सहाव्या की सातव्या इंटरव्ह्यूत समोरच्या माणसाने विचारलं, लहानाच्या मोठ्या कुठे झालात, आणि मी म्हणाले, “वॉटफर्डमध्ये.”

“हो का? माझी बहीण तिथेच राहते. कुठल्या शाळेत होतात?”

मला वॉटफर्डमधल्या सगळ्या शाळा माहीत आहेत. पण त्या क्षणी एकही नाव तोंडात येईना. डोळ्यांसमोर आमच्या पुण्याच्या शाळेचा घंटेचा लोखंडी तुकडा तेवढा दिसत होता. मी म्हटलं, “सॉरी, तुमचा आवाज येत नाहीये,” आणि लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं.

मागे दारात मुलगी उभी होती. तेवीस वर्षांची, वॉटफर्डमध्येच जन्मलेली, स्पोर्ट मॅनेजमेंटमधली पदवी घेऊन एका जिमच्या रिसेप्शनवर काम करणारी. हातात दुधातल्या सीरियलचा वाडगा होता.

“आई, तू खोटं का बोलली?”

तिचं मराठी असंच आहे. मी एरवी दुरुस्त करते. त्या दिवशी केलं नाही. सगळं सांगितलं, पहिल्या एजंटपासून. ती उभ्या उभ्याच ऐकत राहिली. सीरियलचा लगदा झाला.

“कुठला स्कूल सगळ्यात वाईट बोलली?”

मी व्हिएतनामच्या एका लँग्वेज सेंटरचं नाव सांगितलं. त्यांनी दोन ओळींत नकार कळवला होता. आम्ही फक्त नेटिव्ह स्पीकरना घेतो, असं.

“मी अप्लाय करते,” ती म्हणाली. “माझा आडनाव पण सेम, माझा रंग पण सेम. मला बघायचाय ते काय विचारतात.”

दोन दिवसांनी तिचा इंटरव्ह्यू झाला, तिच्या खोलीत. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून ऐकत होते. त्यांनी तिला एक परिच्छेद वाचायला लावला. लहान मुलांबरोबर गाणी म्हणायला आवडेल का, विचारलं. आवडता पदार्थ कोणता. घरी कुठली भाषा बोलतेस, हे कुणी विचारलं नाही. तिच्या वॉटफर्डच्या उच्चारांनी आधीच उत्तर दिलेलं होतं. नऊ मिनिटांत संपलं. दार उघडून ती बाहेर आली आणि मला पायरीवर बघून थबकली.

“आई, ते लोक मला घेतले.”

“त्यांनी मला घेतलं, असं म्हणतात.”

“त्यांनी मला घेतलं.”

तिला मला काहीतरी सिद्ध करून दाखवायचं होतं, त्यांचा खोटेपणा. ते झालं होतं. पण त्याबरोबर एक नोकरीही हातात आली होती, आणि जिममधल्या रिसेप्शनला ती किती कंटाळलेली आहे हे मला माहीत होतं. चौथ्या दिवशी सकाळी डिशवॉशर रिकामा करताना पाठमोरीच म्हणाली, “मी जाऊ का?”

“जा की,” मी म्हटलं. “छान संधी आहे.” आणि वर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

पोटच्या मुलीचा हेवा वाटतो म्हणजे नक्की काय होतं, ते मी त्या दोन महिन्यांत शिकले. तिच्यासाठी इस्त्री करताना मी एका टॉपवर इस्त्री जास्त वेळ ठेवली आणि तो जळला. मुद्दाम नव्हतं. पण नव्हतं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. तिला सर्टिफिकेट लागत होतं म्हणून तिने ऑनलाइन कोर्स केला, आणि अडलं की माझ्याकडे येऊन बसली. मी तिला मनापासून शिकवलं. तेही खरं आहे.

हीथ्रोवर तिला सोडून आम्ही गाडीतून परत येत होतो. नवरा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, “जायचं तुला होतं ना.”

“डावी लेन घे,” मी म्हटलं. “एक्झिट आला.”

पहिल्या दोन आठवड्यांत तिचे समुद्राचे, स्कूटरचे, फो नावाच्या नूडल-सूपच्या वाडग्यांचे फोटो आले. तिसऱ्या आठवड्यात सकाळी आठला फोन वाजला. तिथे दुपारचे तीन झाले होते. तिचा वर्ग संध्याकाळी असायचा, मोठ्या माणसांचा. बँकेतले, हॉटेलांतले लोक.

“आई, एक माणूस विचारतो की ‘आय लिव्ह्ड’ आणि ‘आय हॅव लिव्ह्ड’मध्ये डिफरन्स काय. मी म्हटलं, इट जस्ट साउंड्स राइट. तो रोज विचारतो.”

“तू कधी कुठलं वापरतेस?”

“माहीत नाही. बरोबर येतं आपोआप. का येतं ते माहीत नाही मला.” तिचा आवाज रडवेला होता. “ते सगळे वहीत लिहून घेतात मी काय बोलते ते. मला भीती वाटतो.”

मी कागद घेतला. तिला म्हटलं, “मराठीत बघ. ‘मी पंचवीस वर्षं वॉटफर्डमध्ये राहतेय.’ मराठीला तेवढं पुरतं. इंग्रजीला नाही पुरत. इंग्रजीला विचारायचं असतं की ते संपलं की अजून चालू आहे.” एक रेघ काढली, रेघेवर ‘आज’ लिहिलं, कागद कॅमेऱ्यासमोर धरला. “जे आजला येऊन टेकतं, त्याला हॅव.”

तिने स्क्रीनशॉट घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोन. तो माणूस उठून म्हणाला होता, थँक यू टीचर, आता समजलं.

मग हे रोजचंच झालं. नवरा सकाळची ट्रेन पकडायला किंवा वर कामाला गेला की मी टेबलाशी बसायची, ती तिकडून विचारायची. हळूहळू मी तासच्या तास आखून द्यायला लागले. आधी काय विचारायचं, कुठे थांबायचं, कुठली चूक मुद्दाम फळ्यावर लिहायची. सकाळी साडेदहा-अकराला, म्हणजे तिचा वर्ग सुरू होईल त्या वेळेला, मी इकडे भाजी चिरताना घड्याळाकडे बघायची. आता तिने पहिला प्रश्न विचारला असेल. आता ते जोड्या करून बोलत असतील. मी एका वर्गात शिकवत होते जो मी कधी पाहिला नव्हता. त्यात समाधान होतं असं लिहावंसं वाटतं, पण ते पूर्ण खरं नाही. बंद खोलीबाहेर उभं राहून आतलं बोलणं ऐकावं, तसं होतं ते.

चार महिन्यांनी तिच्या सेंटरच्या डायरेक्टरने तिला बोलावलं. तिच्या वर्गाचे निकाल चांगले होते, विद्यार्थी दुसऱ्या वर्गांतून तिच्याकडे बदलून मागत होते. ती खोटं बोलली नाही. म्हणाली, “लेसन माझी आई करते. तुम्ही तिला नाही म्हणालात.”

त्यावर त्याने दोन दिवस विचार केला आणि एक प्रस्ताव ठेवला. आईने सगळ्या वर्गांसाठी वर्कशीट लिहावीत. घरबसल्या, मोबदला देऊन. नाव मात्र घालता येणार नाही, कारण माहितीपत्रकात साहित्य नेटिव्ह स्पीकरांनी तयार केलंय असं छापलेलं आहे. मुलगी ते तपासेल आणि तिचं नाव छापलं जाईल.

फोनवर हे सांगताना ती इतकी चिडली होती की पूर्ण इंग्रजीत गेली. ती राजीनामा देणार होती, त्याच्या टेबलावर कागद आपटणार होती.

“करार पूर्ण कर,” मी म्हटलं. “तुझा वर्ग आहे. त्यांना सोडून मध्येच येऊ नकोस.”

“आणि तू?”

“मी नाही म्हणते.”

“फक्त नाही?”

“फक्त नाही.”

फोन ठेवला आणि कोट घालून बाहेर पडले. कॅनॉलला नाही गेले, उलट्या दिशेला, हाय स्ट्रीटला, आणि दुकानांच्या काचांसमोरून चालत राहिले. मला राग आला होता, पण त्या डायरेक्टरचा नाही. त्याने सरळ सांगितलं होतं. मीच गेलं वर्षभर फॉर्मवर ‘हो’ लिहीत होते आणि आपल्याला ओळखलं जाऊ नये म्हणून धडपडत होते. ज्याच्यासाठी ब्रिस्टलमध्ये ट्यूटरने मला वरची ग्रेड दिली, तेच मी सगळीकडे लपवत होते.

घरी येऊन कोट न काढताच नवं पत्र लिहिलं. पहिली ओळ अशी होती: मी नेटिव्ह स्पीकर नाही, मी पाचवीपासून इंग्रजी शिकले. आमच्या काळी मराठी शाळेत पाचवीपर्यंत एबीसीडीही नसायची. अकराव्या वर्षी मी पहिल्यांदा ‘कॅट’ लिहिलं, त्यामुळे ते कसं लिहिलं हे मला आठवतं, असं पुढे होतं. आणि अकरा ठिकाणी पाठवलं. जाहिरातीत काय मागितलंय ते न बघता.

नऊ ठिकाणांहून काहीच आलं नाही. एका ठिकाणाहून नकार. अकराव्या ठिकाणाहून, जॉर्जियाहून, उत्तर आलं, डोंगरातल्या एका छोट्या गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचं. कॉकेशस पर्वताच्या पायथ्याशी. व्हिडिओ कॉलवर ती कोट आणि स्कार्फ घालून बसली होती. मागच्या भिंतीशी शेगडी होती आणि ती अधूनमधून उठून तिच्यात लाकूड सरकवत होती. तिचं इंग्रजी सावकाश आणि नेमकं होतं.

“मीही शाळेत शिकले,” ती म्हणाली. “आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी एक इंग्रज मुलगा होता. चांगला होता. मुलांना फुटबॉल शिकवला त्याने.” मग विचारलं, “इंग्रजीतला कुठला शब्द तुम्हाला अजून भीती घालतो?”

मी विचार न करता म्हटलं, “द.”

ती हसायला लागली. “आमच्या भाषेतही नाही तो. मी पत्र लिहिते तेव्हा शेवटी सगळे ‘द’ मोजते. नेहमी एक कमी पडतो किंवा एक जास्त होतो.”

तिने मला वसंतातल्या तीन महिन्यांसाठी बोलावलं.

नवऱ्याला सांगायला मला दोन दिवस लागले. शनिवारी दुपारी तो मागच्या बागेत कुंपणाला रंग देत होता. मी उभी राहून सांगितलं. त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

“इथे काय कमी आहे तुला?”

“काहीच नाही.”

“मग?”

“इथे मी तुझ्याबरोबर आले. चांगलं झालं, माझी तक्रार नाही. पण मी स्वतः निघून कुठे गेलेच नाही कधी.”

“तुला विचारूनच आलो होतो आपण.”

“सांगितलं होतंस,” मी म्हटलं. “विचारलं नव्हतंस.”

त्याने कुंपणाकडे बघितलं. अर्धं रंगवलेलं, अर्धं जुनं. मग म्हणाला, “हो. सांगितलं होतं.” आणि ब्रश उचलला. त्या संध्याकाळी तो नेहमीपेक्षा कमी बोलला. रविवारी सकाळी मात्र मी खाली आले तेव्हा त्याने लॅपटॉपवर त्या गावाचं हवामान काढून ठेवलं होतं. “थर्मल घ्यावे लागतील,” म्हणाला.

मी गेले. तिथलं सगळं इथे सांगत नाही. पहिल्या आठवड्यात एक बाप शाळेच्या फाटकाशी येऊन मुख्याध्यापिकेशी मोठ्याने बोलत होता. भाषा कळत नसली तरी विषय कळला. त्याला इंग्लंडची बाई कबूल केली होती आणि आली ही. मुख्याध्यापिकेने त्याला आत आणून माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसवलं. मी मुलांना ‘अ’ आणि ‘द’ शिकवत होते, सफरचंदांनी. टोपलीतलं कुठलंही एक, ते ‘ॲन ॲपल’. त्यातलंच तू चावलेलं, ते ‘दि ॲपल’. मुलं चावे घ्यायला उतावीळ झाली. तास संपला तेव्हा तो बाप उठला, मान हलवली आणि गेला. परत आला नाही. माझ्याबद्दल त्याचं काय मत झालं ते मला कधी कळलं नाही.

आणि तिथेही माझं मन ठरलं नाही. तिसऱ्या आठवड्यात बर्फ वितळून सगळीकडे चिखल झाला तेव्हा मला छतातून येणारा नवऱ्याचा मीटिंगमधला आवाज हवासा वाटायला लागला. महिनाअखेरीला तो विचारही गेला आणि मी शेजारणीबरोबर डोंगरावर चढायला लागले. परत आले तेव्हा वॉटफर्डचे रस्ते फार सपाट वाटले. एक आठवडाभर मी पिशव्या पूर्ण रिकाम्याच केल्या नाहीत.

मुलगी जूनमध्ये करार पूर्ण करून आली. काळी पडली होती, बारीक झाली होती, आणि तिच्या सॅकमध्ये व्याकरणाची दोन जाड पुस्तकं होती. जिममध्ये परत जाणार नाही म्हणाली. एडिनबरामध्ये एका वर्षाचा शिक्षणाचा कोर्स आहे, परदेशी लोकांना इंग्रजी कसं शिकवायचं त्याचा, तिथे तिने अर्ज केला होता.

“मला ‘आपोआप येतं’ असं परत कोणाला सांगायचं नाही,” ती म्हणाली. वाक्य पूर्ण मराठीत होतं आणि बरोबर होतं. मी तसं तिला म्हटलं नाही.

त्या टॉपचं मी तिला सांगून टाकलं, उन्हाळ्यात कधीतरी. इस्त्रीचं. ती म्हणाली, “आय न्यू, आई,” आणि विषय बदलला.

सप्टेंबरात मी आणि नवरा तिला सोडायला एडिनबराला गेलो. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून गाडी. तिची खोली चौथ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद होती. नवरा दोन बॅगा घेऊन दर मजल्यावर थांबत वर गेला. दुसऱ्या दिवशी परत आलो आणि चार दिवसांनी माझं विमान होतं. मुख्याध्यापिकेला मी पूर्ण वर्ष हवी होते. मी नाताळापर्यंत हो म्हटलं. त्याच्या पुढचं मला खरंच माहीत नव्हतं.

ल्यूटन विमानतळावर जाताना गाडीत मी पासपोर्ट तीनदा तपासला. नवरा ऑक्टोबरात पंधरा दिवस तिकडे येणार होता. त्याने फोनवर जॉर्जियन अक्षरं शिकायला सुरुवात केली होती आणि सिग्नलला थांबला की एखादं मला काढून दाखवत होता. ड्रॉप-ऑफला फार वेळ थांबता येत नाही. त्याने बॅग उतरवून दिली, “पोचलीस की मेसेज कर,” म्हणाला, आणि मागच्या गाडीने हॉर्न दिला म्हणून निघाला.

सिक्युरिटीला माझी बॅग बाजूला काढली. एक तरुण मुलगी हातमोजे घालून एकेक वस्तू बाहेर ठेवत गेली. प्लॅस्टिकचं काटे फिरवायचं घड्याळ, रंगीत लाकडी अक्षरं, रबर लावलेले कार्डांचे गठ्ठे, पुठ्ठ्याची फळं.

“टीचर आहात?”

“हो.”

“काय शिकवता?”

“इंग्रजी.”

“माझी आई शिकतेय सध्या,” ती म्हणाली. “दर बुधवारी, लायब्ररीत. घरी आम्ही तिला हसतो.”

“हसू नका,” मी म्हटलं.

तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं, ट्रे माझ्याकडे ढकलला आणि पुढची बॅग घेतली. मी ट्रे बाकावर नेला, सगळं पुन्हा भरलं, चेन लावली आणि गेट कुठलं लागलंय ते बघायला बोर्डाकडे गेले.